मिस्त्रीचं वकीलपत्र

मोटारीला पॉवर स्टिअरिंग असतं हे मला ठाऊक होतं. त्यात तेल असतं आणि ते तांबडं असतं, हे मला आमच्या दूधवाल्यामुळं कळलं. खरं म्हणजे त्याच्यावर आलेल्या आळामुळं कळलं. एके दिवशी सकाळी फाटकाच्या आत, फरशीवर, रुपयाएवढा तांबडा डाग सौभाग्यवतींच्या नजरेला पडला. दूधवाला पान खातो ही गोष्ट गल्लीला माहीत. दुसऱ्या दिवशी तो फाटकात शिरताच तिनं त्याला धारेवर धरलं. बिचाऱ्यानं तोंडातलं पान या गालातून त्या गालात सारलं आणि जोतिबाची शपथ घेतली. तिसऱ्या दिवशी डाग बशीएवढा झाला. मग दूधवालाच खाली बसला, डागावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि निकाल दिला, "वहिनी, हे पान न्हवं. तेल हाय. सायबांची गाडी गळाय लागलीया."

हा प्रसंग मी नीट लक्षात ठेवायला हवा होता. कारण पुढच्या चार महिन्यांत आमच्या गळतीवर जेवढी माणसं बोलली, त्यांत आधी खाली बसून, बोट लावून, मग बोलणारा तो पहिला. दुसरा भेटेपर्यंत मी बरंच काही करून बसलो होतो.

आमची गाडी वीस वर्षांची आहे. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण कंपनीशी माझं भांडण नाही. वीस वर्षांत रबर कडक होतं, वायसर दबते आणि तेल बाहेर येतं. माणसाचंही विसाच्या जागी साठ धरलं तर हेच होतं. फक्त फरशीवर डाग पडत नाही, एवढंच. भांडण आहे ते निराळ्या मंडळींशी. मोटार असो, मिक्सर असो की घरावरची पाण्याची टाकी असो, "त्यात काय आहे? आपलं आपण करावं" असं म्हणणाऱ्या गृहस्थांचा आपल्याकडे एक पंथ आहे. मी त्यांना स्वहस्तवादी म्हणतो. मेकॅनिक म्हणजे चोर, हे या पंथाचं आद्य वचन. बाकीचं सगळं तत्त्वज्ञान त्यावरची टीका आहे. मी स्वतः या पंथात साडेतीन महिने होतो. तेव्हा मी जे लिहितो आहे ते बाहेरून दगड मारणं नव्हे, आतून पळून आलेल्याची जबानी आहे.

आमच्या घरात पंथाची गादी माझ्या मेहुण्याकडे आहे. पाण्याशी संबंधित एका सरकारी खात्यातून तो निवृत्त झाला, त्यामुळं गळती या विषयात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं डाग उभ्या उभ्याच पाहिला. म्हणाला, "दाजी, ह्याला मिस्त्री कशाला? क्लिप सैल झाली असणार. स्क्रूड्रायव्हर आहे ना घरात?" स्क्रूड्रायव्हर घरात होता. तो डालड्याच्या जुन्या डब्याचं झाकण उघडण्यासाठी वापरत असत, त्यामुळं त्याचं टोक वाकलं होतं, पण होता.

मी पंथात आपण होऊन गेलो असं मात्र कुणी समजू नये. मला ढकललं गेलं. गळतीचा शोध लागल्यावर मी गाडी घेऊन प्रथम एका भल्यामोठ्या वर्कशॉपात गेलो होतो. नाव कशाला? तिथं थंडगार खोली होती, कॉफीचं यंत्र होतं, गळ्यात टाय बांधलेला एक गोड मुलगा होता. तासाभरानं तो आला आणि आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "सर, रॅक असेंब्ली चेंज करावी लागेल." खर्चाचा आकडा त्यानं कागदावर दाखवला. आमची गाडी आज विकली तर जेवढे येतील त्याच्या निम्मा तो आकडा होता. मी म्हटलं, "गळतंय कुठं ते मला दाखवाल?" त्यावर त्यानं जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याकडं बोट केलं. पट्ट्यापलीकडं ग्राहकांना जायला मनाई होती. गाडी माझी, तेल माझं, पैसे माझे. पण गळती पट्ट्यापलीकडची. मी गाडी परत आणली. तेव्हा स्वहस्तवादी मंडळींना राग येतो तो उगीच येत नाही, हे मला मान्य आहे. त्यांचा राग खरा आहे, उपाय खोटा आहे.

उपाय खोटा का, हे समजण्यासाठी हे प्रकरण मुळात काय आहे ते पाहिलं पाहिजे. मी ते फार उशिरा पाहिलं. ज्यांनी अँबॅसिडर चालवली आहे त्यांना आठवत असेल, गाडी उभ्या जागी वळवायची म्हणजे दंड-बैठका काढलेल्या माणसाचं काम होतं. अमेरिकेतसुद्धा हीच रड होती, तिथल्या गाड्या तर आणखी धिप्पाड. ट्रकच्या कारखान्यात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारं स्टिअरिंग गाडीवर बसवून दाखवलं. ते बाजारातल्या मोटारीत यायला मात्र १९५१ साल उजाडलं. क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत ते प्रथम आलं. पंचवीस वर्षं थांबावं लागलं म्हणून डेव्हिसनं "त्यात काय आहे" असं म्हटल्याचं ऐकिवात नाही.

यंत्राची रचना अशी, की इंजिनाच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरत असतो. गाडी सरळ चालली असेल तेव्हा तेल नुसतंच फेऱ्या घालतं, डबीतून पंपात, पंपातून खाली रॅककडं आणि परत डबीत. तुम्ही स्टिअरिंग वळवलं की आतली एक झडप ते तेल एका बाजूला कोंडते, दाब चढतो आणि तो दाब चाकांना ढकलतो. आपल्याला वाटतं, आपणच करंगळीनं गाडी वळवली. पण तो दाब केवढा असतो? मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो. स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरलं की या नळीत हजार पौंडांच्या आसपास आणि कित्येक गाड्यांत त्याहूनही जास्त दाब चढतो. ही झाली जाणारी नळी. परत येणारी नळी असते ती गरीब स्वभावाची. तिच्यात दाब जवळजवळ नसतोच, म्हणून ती साध्या रबराची असते आणि साध्या क्लिपेवर बसते. एकाच तेलाच्या दोन नळ्या, एक जहाल आणि एक मवाळ. मेहुण्याला आणि मला हा भेद ठाऊक नव्हता. आम्हाला दोन्ही काळ्या दिसल्या.

प्रथम आम्ही तेल आणलं. मेहुण्याचं मत ब्रेक ऑइल ओतावं असं होतं. घरात अर्धा डबा होता आणि तेल ते तेल. मी आयुष्यभर बँकेत कागदावर लिहिलेलं वाचून मगच सही केली, त्या सवयीनं डबीच्या झाकणावर काय छापलं आहे ते वाचलं आणि तेच तेल आणलं. पंथात असताना मी केलेली शहाणपणाची गोष्ट ही एवढीच. ब्रेक ऑइल ओतलं असतं तर या यंत्राची रबरी सीलं फुगून, मऊ पडून कामातून गेली असती आणि त्या टायवाल्या मुलाचं भाकीत खरं झालं असतं, असं मला नंतर सांगण्यात आलं. तेलाबरोबर दुकानदारानं गळतीबंद औषधाची एक बाटलीही दिली. बाटलीवर छापलेली किंमत मी एक शब्द न बोलता मोजली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. त्याचं काम पुढं आहे. ते औषध सुकलेल्या सीलला थोडं फुगवतं, बाकी त्याला काही येत नाही. वायसर दबली असेल तर तिच्यापुढं ते गंगाजलासारखं, श्रद्धा असेल तर उपयोग.

मग आला रविवार. स्वहस्तवाद्यांचे सगळे पराक्रम रविवारी होतात, कारण त्या दिवशी स्पेअर पार्टची दुकानं बंद असतात. सकाळी आठला आम्ही गाडीखाली शिरलो. शिरलो म्हणजे मी शिरलो. मेहुणा बाहेर उकिडवा बसून मोबाइलवर कुणातरी परदेशी माणसाचं तेच काम बघत होता आणि मला सूचना करत होता. परदेशी माणसाची गाडी लिफ्टवर टांगलेली होती, आमची डिकीतल्या जॅकवर आणि दोन विटांवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली माणसानं कधी जाऊ नये आणि वीट तर फुटतेच, हे आज मी नातवालाही सांगतो. त्या दिवशी हे फक्त सौभाग्यवतींना सुचलं. ती पायरीवर उभी राहून दर पाच मिनिटांनी "आहात ना?" असं विचारत होती. खालून मला तेलानं माखलेली एक क्लिप दिसली. आनंद झाला. चोर सापडला! मी वाकड्या स्क्रूड्रायव्हरनं ती आवळली. "अजून," मेहुणा म्हणाला. मी अजून आवळली. "आणखी एक आटा." मी पाय फाटकाला लावून आणखी एक आटा दिला. रबराच्या आत क्लिप चांगली बोटभर रुतली. दहा नंबरचा पाना त्या कामात कुठंतरी इंजिनात पडला, तो अजून मिळालेला नाही.

दोन दिवस फरशी कोरडी राहिली. त्या दोन दिवसांत मी बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन करून मेकॅनिक लोक कसे लुबाडतात यावर बोललो. एकाला तर म्हटलं, "अहो, नुसती क्लिप होती!"

गणपतीपुळ्याला जायचं सौभाग्यवतींनी कधीचं बोललं होतं. गाडी दुरुस्त झाली म्हणून दिवाळीनंतर निघालो. ती, मी आणि मागं आमचा सहा वर्षांचा नातू. मलकापूर गेलं, आंबा गेलं, घाट उतरायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर बॉनेटमधून मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. नातू खूश झाला. पुढच्या वळणाला मी स्टिअरिंग वळवलं आणि ते वळेना.

वळेना म्हणजे अगदीच वळेना असं नाही. अशा वेळी स्टिअरिंग "गेलं" असं लोक म्हणतात. ते जात नाही. स्टिअरिंगचा आणि चाकांचा लोखंडी जोड असतो तो तसाच राहतो, जाते ती फक्त तेलाची मदत. पण ज्याला वीस वर्षं करंगळीनं वळवायची सवय, त्याला ती मदत घाटातल्या वळणावर अचानक बंद होणं म्हणजे काय, हे मी विनोदानं सांगू शकत नाही. शिवाय या गाड्यांची स्टिअरिंगं मदत धरूनच केलेली, त्यामुळं मदत गेली की ती अँबॅसिडरपेक्षाही जड. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, समोरून वर चढणारी एस.टी., आणि मी दोन्ही पाय रेटून, दोन्ही हातांनी ते चाक ओढतो आहे. नातू मागून ओरडत होता, "आजोबा, अजून जोरात!" वळण कसंबसं निघालं. पुढं थोडी रुंद जागा आली तिथं मी गाडी दगडाला लावून उभी केली. बॉनेटच्या फटीतून निळा धूर येत होता. नळीतून सुटलेलं तेल तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडत होतं. हे तेल पेटतं. सौभाग्यवतींनी नातवाला उचललं, वीस पावलं लांब नेलं आणि तिथं त्याला घट्ट धरून उभी राहिली. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, त्यानं बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं आणि मग पन्नास पावलं दूर जाऊन विडी ओढली. इंजिन निवू दिलं. निवल्यावर आला, खिशातला चाकू काढला. ती गरीब स्वभावाची परतीची नळी माझ्या क्लिपेच्या काठावर बरोबर चिरली होती. त्यानं चिरलेलं टोक दोन बोटं कापून टाकलं, उरलेली नळी पुढं ओढून बसवली, क्लिप घातली, हातानं हलवून बघितली. मी डिकीतून तेल काढून दिलं. गळक्या गाडीत तेल नेहमी असतंच. त्यानं ते ओतलं, मला स्टिअरिंग सावकाश इकडं-तिकडं फिरवायला लावलं, पुन्हा थोडं ओतलं. वीस मिनिटं लागली. मी पैसे काढले तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. गनपतीला चाललाय न्हवं?" मग हात प्यांटला पुसता पुसता त्यानं विचारलं, "ही क्लिप कुनी आवळलीवती?"

मी म्हणालो, "एका मिस्त्रीनं."

"असल्या मिस्त्र्याला म्हनावं नळाचं काम कर. मोटारीला हात लावू दिऊ नका त्येला."

सौभाग्यवती तोवर जवळ आली होती. तिनं हे ऐकलं. घाट उतरेपर्यंत गाडीत फक्त नातू बोलत होता. साखरप्याला चहा घेताना ती एवढंच म्हणाली, "तो मिस्त्री भेटला तर मला दाखवा."

हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहितो आहे. वाचवायला गेलो ते पैसे घाटात गेलेच असते, आणखीही बरंच गेलं असतं, पण ते बाजूला ठेवा. तोंडातून आपोआप जे आलं ते पाहा. क्लिप मी आवळली, चुकली, आणि दोष द्यायला मला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही. मिस्त्री! कुठला मिस्त्री? कुठलाही. स्वहस्तवाद्यांना हाताचं काम आवडतं असं ते म्हणतात. मला नाही वाटत. हातानं काम करणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नाही, आणि तो अविश्वास इतका मुरलेला आहे, की स्वतःची चूकसुद्धा ते त्याच्याच नावावर टाकतात. मी टाकली.

परत आल्यावर दूधवाल्यानंच एका मिस्त्रीचं नाव सांगितलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ओळीनं लेथ घरघरताहेत अशा गल्लीत, पत्र्याची एक शेड. ना थंड खोली, ना कॉफी. बसायला जुन्या गाडीची मागची सीट. मिस्त्रीनं गळतीची कथा ऐकून घेतली आणि पहिला अर्धा तास पाना उचललाच नाही. त्यानं ब्रश आणि डिझेल घेऊन ती सगळी बाजू वरपासून खालपर्यंत धुतली, हवेनं सुकवली. मग मला गाडी चालू करायला सांगितली. "साहेब, पूर्ण वळवा. धरा. दोन आकडे मोजा. सोडा. जास्त धरायचं न्हाई, पंपाचा जीव जातो." हातात बॅटरी आणि एक पुठ्ठ्याचा तुकडा. मी बाहेर येऊन भाबडेपणानं त्या जहाल नळीकडं बोट नेलं, तर त्यानं माझं मनगट धरलं. अशा नळीला बारीक भोक असेल तर तिथून सुटलेली तेलाची धार सुईसारखी कातडीत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट कापायची पाळी येते. म्हणून पुठ्ठा फिरवायचा, बोट नाही.

मग त्यानं मला बोलावलं. "या इकडं. वाका." मी वाकलो. पंपाच्या डोक्यावर, जिथं जहाल नळी एका बोल्टानं बसते, तिथं त्या बोल्टाखाली तांबडा मणी तयार होत होता. बाजरीएवढा, मग ज्वारीएवढा, मग तो ओघळून नळीच्या पाठीवरनं निघाला, वळणावर खाली आला, मवाळ नळीवर उतरला आणि क्लिपेच्या टोकाशी येऊन टपकला. "ठिपकतंय इथं," मिस्त्री म्हणाला, "आन् गळतंय तिथं." म्हणजे मी ज्या क्लिपेला फासावर दिलं ती निर्दोष होती. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. त्या बोल्टाखाली आणि वर तांब्याच्या दोन वायसर असतात, एकदा दाबल्या की पुन्हा वापरायच्या नसतात. पूर्वी कुणीतरी नळी काढून जुन्याच वायसरवर परत बसवली होती. तो कुणीतरी मिस्त्रीच असणार, हे माझ्या अशिलाच्या दृष्टीनं अडचणीचं आहे, तरी नोंदवतो.

नव्या वायसर पडल्या, परतीची नळी नवी पडली. मग गाडीची पुढची चाकं उचलून, खाली लोखंडी स्टँड लावून, इंजिन बंद ठेवून मला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला बसवलं. आत शिरलेली हवा काढायची असते. हवा राहिली तर तेलाला फेस येतो आणि ते मांजर पुन्हा ओरडतं. जत्रेतल्या मोटारीत बसलेल्या पोरासारखा मी वीस वेळा ते चाक फिरवत होतो आणि मिस्त्रीचा पोऱ्या डबीत बघून "अजून बुडबुडं हायत, फिरवा!" असं मला खडसावत होता. पंथातल्या साडेतीन महिन्यांत नव्हतं तेवढं सुख मला त्या वीस फेऱ्यांत झालं.

काम झाल्यावर मिस्त्रीनं दोन्ही जुन्या वायसर माझ्या तळहातावर ठेवल्या. सामानाचे वेगळे आणि मजुरी सहाशे. आणि वाचकहो, घाट पाहून, तो मणी पाहून, माझ्या तोंडातून पुन्हा आपोआप निघालं, "दोन वायसरच्या कामाचे सहाशे?"

तो भांडला नाही. म्हणाला, "मग तुम्हाला काय द्यायचं ते द्या."

आता ती बाटली आठवा. जिचा काडीचा उपयोग झाला नाही, तिची छापील किंमत मी मुकाट मोजली होती. छापलेल्या किमतीशी आपण कधी घासाघीस करत नाही, करतो ती माणसाच्या तासाशी. डॉक्टर दोन मिनिटं नाडी धरतो, आपण त्याला "दोन मिनिटांचे पाचशे?" असं विचारत नाही. मिस्त्री मात्र तीन तास वाकून उभा राहिला तरी त्याच्या कामाला आपण "एवढंसं काम" म्हणतो. ते एवढंसं काम करायला मी पाय फाटकाला लावला होता. सहाशे दिले. पूर्ण दिले, पण विचारल्यानंतर दिले, हे काही फार चांगलं नाही.

बँकेत मी छत्तीस वर्षं काउंटरच्या आत बसलो. "ग्राहकांना आत प्रवेश नाही" ही पाटी आमच्या शाखेत मीच रंगवून घेतली होती, त्यामुळं त्या पिवळ्या पट्ट्यावर रागवायचा मला तसा फारसा अधिकार नाही. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं व्याजाची बेरीज स्वतः करून बघू का, असं विचारलं. मी चिडलो. त्यानं बाहेर बाकावर बसून बोटांवर बेरीज केली आणि ती त्याचीच बरोबर निघाली. पण तो लेजर ओढून घेऊन त्यात लिहायला लागला नाही. बघितलं, मोजलं, माझ्यापुढं ठेवलं, आणि दुरुस्ती मला करायला लावली. मोटारीच्या बाबतीत मी या म्हाताऱ्याचा पंथ घेतला आहे. डबीतलं तेल बघावं, झाकणावरची अक्षरं वाचावीत, रात्री गाडीखाली कालचं वर्तमानपत्र सारून सकाळी डाग कुठल्या बातमीवर पडला ते पाहावं, मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून "दाखव" म्हणावं, जुना पार्ट मागून घ्यावा. जो दाखवत नाही त्याच्याकडून गाडी परत आणावी, मग त्याची कॉफी कितीही चांगली असो. पण बोल्टाला पाना लावणारा हात त्याचा असावा, ज्यानं आधी शंभर बोल्ट बिघडवून शिकून घेतलं आहे. आपण रविवारी शिकायला बसतो ते आपल्याच नातवाच्या गाडीवर.

मेहुण्याला मी हे सगळं ऐकवलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या महिन्यात नवी गाडी घेतली. "दाजी, इलेक्ट्रिक स्टिअरिंग. तेलच नाही. गळायचा प्रश्नच मिटला." हे खरं आहे, नव्या मोटारींत आता बहुतेक तेच असतं, तेलाच्या जागी विजेची मोटर. परवा त्याचा फोन आला. समोर स्टिअरिंगचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला होता आणि चाक जड झालं होतं. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं, आवळायला क्लिपच सापडेना. आवाज अगदी उतरला होता. मी म्हटलं, "चल, तुला माणूस दाखवतो."

उद्यमनगरात आम्ही पोचलो. मिस्त्री बाहेर आला, गाडी पाहिली, मेहुण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हे तुमचे मेव्हणे होय?" मी मान हलवली. त्यानं मेहुण्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "म्हंजे ती क्लिप आवळली ते तुम्हीच?"

माझी एक गोष्ट सांगायची राहिली. नळी बदलताना मिस्त्रीनंही ट्रक ड्रायव्हरचाच प्रश्न मला विचारला होता. मिस्त्रीसमोर मिस्त्रीचं नाव घेणं बरं दिसलं नसतं.

मेहुणा माझ्याकडं बघत राहिला. मी खाली बसलो आणि त्याच्या गाडीखाली वाकून तेल कुठं गळतंय का ते बघायला लागलो.